डावीकडचा तंबोरा

दुपारी दीडच्या सुमाराला मिरजेतली दुकानं निम्मी शटरं खाली ओढतात आणि शहाणी माणसं जेवून आडवी होतात. नेमकी त्याच वेळी नाहीद सतारमेकर वेणी घट्ट बांधून कामाला निघायची. तिचं काम म्हणजे झोपणं. एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात, जिथं पूर्वी पंगती उठायच्या त्या हॉलमध्ये, आता बावीस खाटा मांडल्या होत्या. प्रत्येक खाटेवर पांढरी चादर, उशाशी मऊ कापडाची टोपी आणि टोपीतून निघालेली केसांएवढी बारीक वायर. भिंतीवर लग्नातल्या वेलबुट्टीचा रंग अजून तसाच होता. शहाण्यासुरत्या पोरी नर्स व्हायला म्हणून तिथं रोज दोन तास झोपा काढायच्या आणि त्याचे तास सरकारदरबारी धरले जायचे.

नाहीदला ती झोप फार आवडायची. डोळे मिटले की आधी पंख्याचा आवाज लांब जायचा, मग वॉर्ड यायचा. तिच्या स्वप्नातल्या वॉर्डाला तिच्या शाळेच्या भिंती होत्या आणि वास मात्र अब्बांच्या कारखान्यातल्या पॉलिशचा. उजव्या हाताला खिडक्या, खिडक्यांतून उतरलेलं ताकासारखं पातळ ऊन आणि त्या उन्हात एकापुढे एक खाटा. ती चालत राहायची. घाई नसायची. प्रत्येक खाटेशी तिचा हात आपोआप चादरीखाली जायचा आणि रोग्याच्या पायाचा अंगठा बोटांच्या मागच्या बाजूनं हलकेच चाचपायचा. गार, कोमट, कोरडा, घामेजलेला. त्या अंगठ्यावरून तिला माणूस कळायचा. डाव्या बाजूला मात्र काहीच नसायचं. तिथं नुसता पांढरा, कापसासारखा शांतपणा असायचा, वाळत घातलेल्या चादरींची रांग असावी तसा. त्या शांतपणाला खांदा लावून चालायला तिला बरं वाटायचं.

ही सगळी भानगड समजून घ्यायची तर दोन वर्षं मागं जावं लागेल. नर्सिंगला प्रवेश हवा असेल तर आधी तीनशे तास रोग्यांजवळ काढलेले असले पाहिजेत, असा नियम झाला होता. नियम चांगलाच होता. कोवळ्या पोरी हौसेनं यायच्या आणि पहिला पू बघून घरी पळायच्या, ते त्यामुळं थांबलं. पण दवाखाने मोजके आणि मुलींची ही रांग. नाहीदला पहिल्या वर्षी जेमतेम चाळीस तास मिळाले आणि प्रवेश हुकला. मग हे केंद्र निघालं. तीनशेतले दोनशे तास झोपेत घ्या, उरलेले शंभर वॉर्डात स्वयंसेविका म्हणून काढा, अशी सवलत मिळाली.

केंद्राचे डॉक्टर तगारे पहिल्याच दिवशी मुलींना म्हणाले होते, की एकाची आठवण काढून दुसऱ्याच्या डोक्यात घालता येत नाही, तसं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. आम्ही देतो ते लक्ष. तीस वर्षं काम केलेली नर्स वॉर्डात शिरते तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत तिचं लक्ष दहा ठिकाणी जाऊन येतं. ओठांचा रंग, सलाईनची नळी, चादरीला पडलेल्या चुण्या. कुठं कुठं जाऊन आलं हे तिचं तिलाही सांगता येत नाही. अशा नर्सच्या डोक्याला ड्यूटीभर टोपी घालून आठ महिने त्या लक्षाच्या वाटा टिपून घेतल्या होत्या. दुपारच्या हलक्या झोपेत मेंदू स्वतःच्या वाटा पक्क्या करत असतो आणि नको त्या बुजवत असतो. त्याच वेळी चुंबकाच्या अगदी सौम्य ठोक्यांनी त्याला या नव्या वाटांवरून फिरवून आणायचं. स्वप्न ज्याचं त्याचं, वाट मात्र दुसऱ्याची. या भागातल्या चारशे मुलींना एकाच नर्सचं लक्ष दिलं होतं, कारण सगळ्या नोंदींत तीच सरस निघाली होती. तिचं नाव गुप्त होतं. कागदोपत्री ती दाता क्रमांक सात.

आणि लक्ष खरोखर आलं होतं, यात शंका नाही. वॉर्डात पहिल्याच आठवड्यात नाहीदनं एका म्हाताऱ्याचा अंगठा चाचपला आणि ह्यांना ताप भरतोय म्हणून सांगितलं. थर्मामीटरला ते कळायला आणखी वीस मिनिटं लागली. वॉर्डातल्या जुन्या आया हौसा मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. नाहीदला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. आता सत्तर तास उरले होते, महिनाअखेर अर्ज भरायचा होता आणि या खेपेला कुणाची बिशाद नव्हती तिला अडवायची.

अशात नऊ नंबरच्या खाटेवर पद्मावती मगदूम आल्या. वय सत्तरीचं, गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन. त्यानंतर आवाज पार बसला होता, नुसती कुजबुज उरली होती. नाहीद रोज सकाळी आठ आणि नऊ नंबरच्या मधल्या जागेत उभी राहायची. उजवीकडे आठ, डावीकडे नऊ. आठवरच्या बाईंचं डोकं पुसून दे, त्यांना पाणी पाज, त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐक, असं चालायचं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मगदूम आजींच्या हाताची बोटं वाकडी होऊन आवळली आणि ओठ ओढले गेले. पळापळ झाली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि दहा मिनिटांत बोटं सैल पडली. अशा ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम कधी कधी एकदम उतरतं. पण आधी दोन-तीन तास ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि तेवढं कुणी वेळेवर सांगितलं तर प्रकरण गोळीवर भागतं, असं मुख्य सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आजींना विचारलं, की सांगितलं का नाही, बेल का दाबली नाही.

आजींनी नाहीदकडे बोट केलं. सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. "हिला तीनदा सांगितलं की. हातभरावर उभी होती. पोरगी समोर असताना बेल कशाला दाबायची?"

नाहीदला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि सांगताना ते किती खोटं वाटतंय हे तिचं तिलाच कळलं. आजी रागावल्या नव्हत्या. परवा दुसऱ्या पोरीनंही असंच केलं, मोठ्या घरच्या असतील, एवढंच त्या म्हणाल्या. मुख्य सिस्टर म्हणाल्या, नवीन आहेस, होतं असं.

संध्याकाळी घरी अब्बा तिची वाट बघत बसले होते. दस्तगीर सतारमेकरांच्या घरात तंबोऱ्यांची जोडी तयार झाली की शेवटचा कान नाहीदचा, हा तिच्या आठव्या वर्षापासूनचा रिवाज. गवयाच्या दोन्ही अंगांना एकेक तंबोरा वाजतो, तेव्हा जोडीतले दोन्ही आवाज एका आईच्या लेकरांसारखे हवेत. तो आवाज घडतो घोडीवर. तारा जिथं टेकतात त्या हाडाच्या पट्टीला कानशीनं किंचित उतार द्यायचा, म्हणजे तार गुंजते. त्यालाच जवारी काढणं म्हणतात. चिमूटभर घासायचं आणि ऐकायचं. जास्त घासलं तर घोडी गेली, घासलेलं परत येत नाही. धारवाडच्या एका गायनशाळेची जोडी तीन आठवड्यांपासून घरात होती. रोज नाहीद मधे बसायची, अब्बा एकीकडे आणि अम्मी दुसरीकडे तारा छेडायचे आणि रोज नाहीद म्हणायची, डावा दबलाय. अब्बांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. पण पोरीचा कान त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. ते रोज डाव्याची घोडी थोडी थोडी घासत होते.

त्या संध्याकाळी तारा छेडल्या आणि डाव्या तंबोऱ्यातून गुंजण्याऐवजी पत्र्यासारखा झणत्कार निघाला. घोडी संपली होती. नाहीद मात्र डोळे मिटून म्हणाली, "अजून दबलेलाच आहे अब्बा."

अब्बांनी उठून दोन्ही तंबोऱ्यांची अदलाबदल केली. चांगला डावीकडे, बिघडलेला उजवीकडे. पुन्हा तारा छेडल्या.

"आता बोल."

"उजवा बिघडलाय. आणि डावा... डावा दबलाय."

"हा तर कालपर्यंत चांगला होता म्हणत होतीस तू," अब्बा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "मान का वळवतीस ऐकताना? महिनाभर बघतोय मी. उजवा कान पुढं काढतीस."

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान ठणठणीत. हेडफोनमधून एकेका कानात बारीक शिट्टी वाजली की नाहीद बरोबर हात वर करायची. पण दोन्हीकडून एकदम आवाज आला की डावा जणू नव्हताच. कान ऐकतोय, तुम्ही त्याच्याकडे लक्ष देत नाही, असं डॉक्टर सहज म्हणून गेले. नाहीदला तो पांढरा, कापसासारखा शांतपणा आठवला.

वॉर्डात गेल्यावर ती कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत बसली. पोपटी एप्रन घातलेल्या, केंद्रातल्याच पाच पोरी कामाला होत्या. पाचही जणी रोग्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे रोग्याचं तोंड आपल्या उजवीकडे येईल अशा उभ्या राहात होत्या. पाचही जणींच्या माना खिडकीतल्या रोपांसारख्या एकाच बाजूला कललेल्या. पाचही जणी आधी अंगठा चाचपत होत्या. दृश्य असं सुंदर होतं, की एखाद्याला ती शिस्त वाटली असती.

तिनं हौसा मावशींना विचारलं, की अंगठा असा बोटांच्या मागच्या बाजूनं बघायची सवय पूर्वी इथं कुणाला होती का. मावशींनी फरशी पुसता पुसताच सांगितलं, "रणभिसे सिस्टर. दुसरं कोण? आधी अंगठा, मग माणूस. तुम्हा पोरींना बघते तेव्हा मला रोज त्यांचीच याद येते. तुम्हाला त्यांनीच शिकवलं न्हवं?"

कमलिनी रणभिसे चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. चर्चच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं अबोलीच्या कुंड्या. नाहीद दुपारी गेली. एरवी ती याच वेळी झोपलेली असायची, त्यामुळं जागेपणीही तिला सगळं जरा तरंगतच वाटत होतं. सिस्टरांची खुर्ची अशी ठेवली होती, की डाव्या हाताला भिंत येईल. टेबल उजवीकडे, दार उजवीकडे, पाहुण्याची खुर्ची उजवीकडे. ही मांडणी नाहीदच्या ओळखीची होती, तिच्या स्वप्नातल्या वॉर्डाची.

सिस्टर चहा ठेवायला उठल्या, तशी नाहीद त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, मला तुमच्याबद्दल कळलंय." सिस्टर साखरेचा डबा शोधत राहिल्या. ती वळसा घालून उजवीकडे आली आणि पुन्हा तेच म्हणाली. सिस्टरांचा हात थांबला.

मग चहा तसाच राहिला आणि सगळं बाहेर आलं. बाविसाव्या वर्षी एका तापात डावा कान गेला. तेव्हा कान अधू झालेल्या नर्सला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवायचे. घरी म्हातारे वडील आणि वॉर्डावर जीव. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भिंत डाव्या हाताला धरून चालायला लागल्या, रोग्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहायला लागल्या. आणि कानाचा भरवसा राहिला नाही म्हणून रोग्याचे पाय चाचपायला लागल्या. रात्रपाळीत कुणी कण्हलं तर आपल्याला कळणार नाही, या धास्तीनं त्यांनी बोटांना इतकं शिकवलं, की कण्हायच्या आधीच त्यांना कळू लागलं. छत्तीस वर्षं निभावलं. टोपी घालायच्या आधी फॉर्मवर श्रवण कसं आहे असं विचारलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानं लिहिलं, उत्तम.

"तुमच्या कानांपर्यंतही ते पोचेल, असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही गं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. त्यांना रडताना बघून नाहीदचा सगळा राग विरघळून गेला. ती भांडायला आली होती, आणि आता तिला या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पण प्रश्न होताच. नाहीदनं तो सरळ मांडला. हे सांगितलं तर तास रद्द होणार. तिचे आणि चारशे जणींचे. वर्ष जाणार, तिचं दुसरं वर्ष. नाही सांगितलं तर चारशे नर्सेस वॉर्डांत शिरणार आणि प्रत्येकीच्या डावीकडे कुणीतरी कुजबुजत राहणार.

सिस्टरांनी डोळे पुसले. "सांगू नकोस असं म्हणायचं तोंड मला नाही, आणि सांग असं म्हणायचा हक्कही नाही. तुझं वर्ष आहे, बाळ."

नाहीद घरी आली. तीन दिवस ती केंद्रात जाऊन झोपत राहिली आणि तीन दिवस त्या पातळ उन्हातून चालत राहिली. तिसऱ्या दिवशी स्वप्नात तिनं मान डावीकडे वळवायचा प्रयत्न केला. मान वळेना. पांढऱ्या चादरी संथ हलत होत्या आणि त्यांच्यामागं कुणीतरी उभं आहे, बोलतंय, एवढं तिला नक्की कळत होतं. जाग आली तेव्हा उशी ओली झाली होती. तिथूनच ती तडक डॉक्टर तगारेंच्या खोलीत गेली.

तगारेंनी आधी हसण्यावारी नेलं. मग सहा मुलींना तपासलं आणि सहाव्या मुलीनंतर त्यांचा चेहरा पडला. माणूस प्रामाणिक होता. आठवड्याभरात त्यांनी दाता क्रमांक सात बंद केला आणि झोपेतले सगळे तास रद्द झाल्याची नोटीस स्वतःच्या सहीनं लावली. नोटिशीत त्यांनी सिस्टरांचं नाव घातलं नव्हतं. ते सिस्टरांनी स्वतः येऊन खाली पेनानं लिहिलं आणि पुढं लिहिलं, चूक माझी. नाहीदच्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाली. आणखीही काहींनी तोंड फिरवलं. अम्मी रडली. अब्बांनी नवी घोडी बसवायला घेतली आणि कानस हातात धरून म्हणाले, की पोरीनं जे केलं ते त्यांच्या धंद्यातलंच आहे, जास्त घासलं गेलं तर नव्यानं बसवायचं.

गेलेलं लक्ष परत येईल का, असं नाहीदनं विचारलं होतं. येईल, तगारे म्हणाले होते, मात्र झोपेत येणार नाही, जागेपणी वापरूनच येईल. मग रोज संध्याकाळी अब्बा तिला मधे बसवायचे आणि दोन्ही तंबोरे एकदम छेडायचे. आणि सोमवारी, गुरुवारी रणभिसे सिस्टर वॉर्डात यायला लागल्या, बिनपगारी. नाहीदचं बोलणं ऐकायला त्यांना ती उजव्या हाताला लागायची. म्हणजे त्या आपोआप नाहीदच्या डाव्या हाताला आल्या. त्या तिथून हळू आवाजात सांगायच्या, बघ, इथं सूज आहे, इथं बघ, आणि नाहीदला ते ऐकावंच लागायचं. पहिले दिवस सिस्टर तिचा डावा दंड दाबून बोलायच्या. पुढं पुढं दंड दाबायची गरज कमी होत गेली.

महिन्याभरानं मगदूम आजी रक्त तपासायला आल्या होत्या. आवाज अजून बसलेलाच. व्हरांड्यात डाव्या बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. उजवीकडे औषधांच्या खिडकीशी मोठा गलका चालला होता. नाहीद आणि सिस्टर बोलत बोलत बाकासमोरून पुढं गेल्या. आजी दिसल्या नाहीत, मधे सिस्टर होत्या.

"नाहीद."

ती हाक नव्हतीच, नुसता श्वास होता. नाहीद थांबली. सिस्टर बोलतच आणखी चार पावलं गेल्या, मग शेजारी कुणी नाही हे लक्षात येऊन मागं वळल्या.

"काय झालं?"

"डावीकडून हाक आली," नाहीद म्हणाली.

सिस्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं. आपण त्या म्हातारीच्या हातभरावरून गेलो आणि आपल्याला काही कळलं नाही, हे त्यांना उमगलं. एप्रनच्या खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसताना त्या हसत होत्या.

नाहीद बाकाशी खाली बसली. आजींची चप्पल बाजूला करून तिनं बोटांच्या मागच्या बाजूनं त्यांचा अंगठा चाचपला. तो कोरडा आणि छान कोमट होता.